ओरडा वॉर्डात, धोका पेशंटला

दवाखान्यात ज्याने पेशंटच्या उशाशी बसून दोन-चार दिवस काढले आहेत, त्याला हा आवाज ओळखीचा आहे. सकाळचे साडेनऊ-दहा वाजलेले असतात. मावशींनी फरशी पुसलेली असते, नातेवाइकांना बाहेर काढलेले असते आणि मोठ्या डॉक्टरांचा राऊंड सुरू होतो. तिसऱ्या-चौथ्या खाटेपाशी काहीतरी अडते. कुठला रिपोर्ट फाइलला लावायचा राहिलेला असतो, नाहीतर ड्रेसिंगचा ट्रे वेळेवर आलेला नसतो. मग आवाज चढतो, फाइल खाटेवर आपटली जाते आणि पंचविशीतली सिस्टर मान खाली घालून उभी राहते. तिच्या मागे उभे असलेले शिकाऊ डॉक्टर छताकडे बघतात. दाराबाहेर आपण एकमेकांना सांगतो, "डॉक्टर जरा तापट आहेत हो, पण हाताला गुण आहे."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. कन्नडमध्येही ते जवळजवळ असेच म्हणतात. देवळातला देव जागृत असला की कडक असायचाच, तसे मोठे डॉक्टर असले की रागीट असायचेच, अशी आपली समजूत. त्या रागाचा त्रास सिस्टरला आणि शिकाऊ डॉक्टरांना होतो, पेशंटला काय त्याचे, असेही आपण धरून चालतो. या दुसऱ्या समजुतीबद्दल मला आज लिहायचे आहे. कारण तो राग फिरून फिरून शेवटी खाटेवरच्या माणसापर्यंत येतो, हे आता जगभर तपासून झाले आहे.

आपल्या गावाला याचा विचार करणे भागच आहे. महादेवप्पा रामपुरे मेडिकल कॉलेज १९६३ साली निघाले तेव्हापासून गुलबर्गा हे डॉक्टर घडवणारे गाव आहे. पुढे खाजा बंदेनवाज यांच्या नावाचे कॉलेज आले, २०१३ च्या सुमारास ई.एस.आय.चे आणि सरकारी अशी आणखी दोन आली. २०२४ च्या डिसेंबरात जयदेव हृदयरोग संस्थेची ३७१ खाटांची इमारत उभी राहिली. कलम ३७१ (जे) वरून खाटांचा आकडाही तोच ठेवला, हे आपल्याकडच्या राजकारणाचे कौतुकच म्हणायचे. आळंद, अफझलपूर, उमरगा, अक्कलकोट, हुमनाबाद, इकडून तिकडून सगळे पेशंट इथे येतात आणि इथले कितीतरी सोलापूरला जातात. प्रत्येक घरात कोणी ना कोणी कधी तरी खाटेवर असतेच. आता तर प्रत्येक गल्लीत एखादी मुलगी नर्सिंगला असते. म्हणजे तो ओरडा ऐकणारेही आपलेच आणि त्याचे परिणाम भोगणारेही आपलेच.

काही वर्षांपूर्वी आमच्या मामंजींना एका खासगी दवाखान्यात ठेवले होते. दवाखान्याचे नाव घेत नाही, कारण गोष्ट एकाच ठिकाणची नाही. मामंजींना साखरेचा जुना आजार. सकाळी आठला इन्सुलिन द्यायचे असे फाइलवर लिहिलेले आणि त्याच सकाळी पोटाची सोनोग्राफी असल्यामुळे उपाशी ठेवायचे, असेही लिहिलेले. सोनोग्राफीला नंबर लागणार होता अकराच्या पुढे. सिस्टर इंजेक्शनचा ट्रे घेऊन आली, फाइल वाचली, पुन्हा वाचली आणि तशीच उभी राहिली. उपाशी माणसाला इन्सुलिन दिले तर साखर उतरून तो बेशुद्ध होऊ शकतो, हे तिला नर्सिंगच्या पहिल्या वर्षीच शिकवलेले होते. तिने ड्युटी डॉक्टरला विचारले. तो म्हणाला, "सरांनी लिहिलंय, सरांनाच विचारा." सरांना फोन करायचा तर आदल्याच दिवशी "एवढ्यातेवढ्याला फोन करायला मी काय रिकामा बसलोय?" असे सगळ्या वॉर्डासमोर ऐकून झालेले.

मग ती माझ्याजवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "अक्का, तुम्हीच फोन करून विचारा ना. तुम्ही पेशंटचे लोक. तुमच्यावर नाही ओरडणार ते."

मी फोन लावला. डॉक्टर चांगले बोलले. "इन्सुलिन थांबवा, सोनोग्राफी झाल्यावर जेवण देऊन मग द्या," एवढेच त्यांनी सांगितले. अर्ध्या मिनिटाचे काम. मामंजींना काही झाले नाही. पण मी नंतर हिशेब मांडत बसले. ज्या बाईला रोग कळतो, औषध कळते, चूक दिसते, तिला विचारायची भीती आणि जिला यातले ओ की ठो कळत नाही त्या सुनेने फोन करायचा, अशी ती व्यवस्था होती. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्याजवळ त्या सकाळी कोणीच नव्हते. त्यांची फाइल अशी निघाली असती तर फोन कोणी केला असता?

औषधांच्या चुका कशा होतात याचा अभ्यास करणारी अमेरिकेत एक संस्था आहे, इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस नावाची. तिने २००३ साली दोन हजारांवर परिचारिका, औषधनिर्माते आणि इतरांना नेमके हेच विचारले होते. जवळजवळ निम्म्या लोकांनी सांगितले की, पूर्वी कोणी दरडावल्यामुळे आपण शंका विचारण्याची पद्धतच बदलून टाकली. म्हणजे थेट विचारायचे सोडून दुसऱ्याला विचारायचे, अंदाज बांधायचा, नाहीतर लिहिलेले आहे तसे देऊन मोकळे व्हायचे. शंभरातल्या सात जणांनी तर कबूल केले की, गेल्या वर्षभरात आपल्या हातून अशी एक औषधाची चूक झाली आहे की जिच्यामागे ही दहशतच होती. पुढे २००८ मध्ये तिथल्याच १०२ दवाखान्यांतल्या साडेचार हजारांवर कर्मचाऱ्यांची मते प्रसिद्ध झाली. त्यांत शंभरातल्या ७७ जणांनी डॉक्टरांचे आणि ६५ जणांनी परिचारिकांचे असे वागणे आपण पाहिले आहे असे सांगितले, आणि २७ जणांनी पेशंटच्या मृत्यूशी त्याचा संबंध जोडला. ही माणसांनी सांगितलेली मते आहेत, कोर्टातला पुरावा नव्हे, हे लक्षात ठेवूनही आकडा लहान नाही. सिस्टरांचे ६५ देखील विसरू नका. खालच्यावर ओरडणे ही काही डॉक्टरांचीच मक्तेदारी नाही. हेड सिस्टर नव्या मुलीवर, ती मुलगी मावशींवर आणि मावशी पेशंटच्या खेड्यातल्या आईवर, असा तो उतरत जातो.

यावर कोणी म्हणेल, भिणारा माणूस गप्प बसला हे कळले, पण ज्याचे काम पक्के आहे त्याचा हात ओरड्याने का बिघडावा? इस्राएलमधल्या डॉक्टरांनी २०१५ साली याचे उत्तर काढले. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातले चोवीस गट घेतले, प्रत्येकात एक डॉक्टर आणि दोन परिचारिका. सगळ्यांसमोर एकच नाटक ठेवले. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेले बाळ, त्याच्या आतड्याचा आजार बळावतो आहे, ओळखा आणि उपचार करा. बाळ अर्थात बाहुलीचे. निम्म्या गटांना एका परदेशी तज्ज्ञाने मध्येच दोन तिरकस शब्द ऐकवले, तुमच्या इथल्या कामाची प्रत काही खास नाही अशा थाटाचे. शिवी नाही, आरडाओरडा नाही. तरी ते शब्द ऐकलेल्या गटांचे रोगनिदान घसरले आणि हाताचे कामही घसरले. कारण शोधले तर असे दिसले की, त्यांनी एकमेकांना माहिती सांगणे आणि मदत मागणे कमी केले होते. अपमान झालेला माणूस आतल्या आत तेच घोळवत बसतो, हे आपल्याला घरातल्या भांडणांवरून ठाऊक आहे. सासूबाई सकाळी काही बोलल्या की त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडते. इथे मिठाच्या जागी औषध असते, एवढाच फरक.

अमेरिकेत दवाखान्यांना मान्यता देणारी जॉइंट कमिशन नावाची संस्था आहे. तिने ९ जुलै २००८ रोजी सगळ्या दवाखान्यांना एक इशारापत्र धाडले आणि २००९ च्या जानेवारीपासून वागणुकीची लेखी आचारसंहिता ठेवणे मान्यतेसाठी आवश्यक केले. त्या पत्रातली मला सगळ्यांत पटलेली गोष्ट म्हणजे त्यांनी नुसता आरडाओरडा धरला नाही. प्रश्नाला उत्तर न देणे, फोन न उचलणे, कुत्सित बोलणे, मुद्दाम काम अडवून ठेवणे, हेही त्याच यादीत घातले. आधी या सगळ्याला ते कामात अडथळा आणणारे वर्तन म्हणत. २०१२ मध्ये तो शब्द बदलून सुरक्षिततेची संस्कृती पोखरणारे वर्तन असे केले. मला पहिल्यापेक्षा दुसरा शब्द बरा वाटतो, कारण जो हळू आवाजात पोखरतो तो अडथळा आणताना दिसतच नाही.

आवाज न चढवताही माणूस कसा जातो, याचे एक उदाहरण इंग्लंडमधले आहे. २००५ च्या मार्चमध्ये इलेन ब्रॉमिली नावाची दोन मुलांची आई नाकाच्या साध्या ऑपरेशनसाठी गेली. भूल दिल्यावर श्वासाची नळी आत जाईना. तिथे अनुभवी डॉक्टर होते आणि ते वीस-पंचवीस मिनिटे नळी घालण्याचाच प्रयत्न करत राहिले. एका परिचारिकेने गळ्याला छेद देऊन श्वास चालू करण्याचे साहित्य आणून ठेवले आणि तसे सांगितलेही. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट मागून ठेवली होती, पण डॉक्टरांनी जरा अशा नजरेने पाहिले की, ही उगीच घाबरते आहे असे त्यांना वाटते असा तिचा समज झाला आणि तिने ती खाट रद्द केली. इलेन तेरा दिवसांनी गेली. तिचा नवरा मार्टिन विमानाचा पायलट. विमानात सहवैमानिकाने कॅप्टनची चूक कशी दाखवायची आणि कॅप्टनने ती कशी ऐकून घ्यायची, हे रीतसर शिकवतात. ऑपरेशनच्या खोलीत ते का शिकवत नाहीत, असा प्रश्न त्याने विचारला. कोणाला तुरुंगात घाला असे तो म्हणाला नाही. डॉक्टर, परिचारिका आणि मानवी चुकांचे अभ्यासक यांना एकत्र आणून त्याने २००७ मध्ये एक संस्था काढली.

आपल्या देशातले उदाहरण मात्र आवाज चढवण्याचेच आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये जोधपूरच्या उम्मेद रुग्णालयात तातडीचे सिझेरियन चालू असताना दोन डॉक्टर टेबलाच्या दोन बाजूंनी एकमेकांना अरे-तुरे करत भांडले. कोणीतरी मोबाईलवर चित्रण केले आणि ते देशभर फिरले. राजस्थान उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. भांडणाचे कारण ऐकाल तर डोक्याला हात लावाल. बाईने ऑपरेशनपूर्वी काही खाल्ले होते की नाही!

प्रश्न क्षुल्लक नाही. भरल्या पोटी भूल दिली तर पोटातले अन्न उलटून फुफ्फुसात जाऊ शकते. पण तो शांतपणे दोनदा विचारायचा प्रश्न आहे आणि आपल्या भागात तर तीनदा. आमच्याकडे एक किस्सा सांगतात. उमरग्याकडची एक आजी ऑपरेशनला आली. कन्नड सिस्टरने सकाळी विचारले, "ऊट आतेन्री?" म्हणजे जेवण झाले का. आजींना ऐकू आले "उठ". त्या म्हणाल्या, "हो, केव्हाच उठले." सिस्टरला त्यातले "हो" तेवढे समजले आणि ऑपरेशन पुढे ढकलले. खरे-खोटे सांगणाऱ्याला माहीत. पण ही चूक आजीला उपाशी ठेवून गेली म्हणून हसण्यावारी गेली. उलट्या दिशेने झाली असती तर? ज्या वॉर्डात पेशंट मराठी, सिस्टर कन्नड किंवा केरळची, मावशी दखनी बोलणाऱ्या आणि केसपेपर इंग्रजीत, तिथे "मला नीट समजलं नाही, परत सांगा" हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा बोलावे लागते. ते बोलल्यावर खेकसणे ऐकावे लागत असेल तर दुसऱ्या दिवसापासून कोणी बोलत नाही. "सुम्मनिरी" हा शब्द आपल्याकडच्या लहान पोरालाही कळतो. मराठीत आपण "गप्प बसा" म्हणतो.

डॉ. पायल तडवी हे नाव आपल्या वाचकांच्या स्मरणात असेल. जळगावकडची आदिवासी तडवी समाजातली मुलगी, मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पुढचे शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने जीवन संपवले. वरिष्ठ डॉक्टर जातीवरून छळत होत्या, पेशंटसमोर अपमान करत होत्या, असा आरोप तिच्या कुटुंबाने केला. तिघींना अटक झाली आणि प्रकरण न्यायालयात गेले, म्हणून त्या आरोपांवर मी निवाडा देत नाही. त्याच वर्षी तिची आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला यांनी मिळून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. मला इथे दुसरीच गोष्ट नोंदवायची आहे. अशा प्रसंगी आपण मुलीच्या दुःखाने कळवळतो, ते योग्यच आहे. पण ज्या वॉर्डात एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरशी बोलायलाच घाबरते, त्या वॉर्डात त्या रात्री बाळंत होणाऱ्या बायकांचे काय, हा प्रश्न आपण विचारत नाही. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा आहे, आपल्या कर्नाटकात शिक्षण कायद्यातच ती तरतूद आहे आणि वैद्यकीय आयोगाने २०२१ मध्ये मेडिकल कॉलेजांसाठी वेगळे नियम केले. हे सगळे नियम विद्यार्थ्याला वाचवण्यासाठी आहेत. ते पेशंटलाही वाचवतात, हे कुठल्याच फलकावर मी लिहिलेले पाहिले नाही.

एक बाजू डॉक्टरांचीही आहे आणि ती मांडली नाही तर अन्याय होईल. निवासी डॉक्टरांना सलग बारा तासांवर कामाला ठेवू नये असे केंद्र सरकारने १९९२ मध्येच सांगितले होते. प्रत्यक्षात छत्तीस-छत्तीस तास न झोपलेली मुले-मुली आपण वॉर्डात बघतो. एका सिस्टरकडे रात्री तीस-पस्तीस खाटा असतात. ज्याला झोप नाही, ज्याच्या हाताशी माणूस नाही, तो चिडतो. त्या चिडण्याला मी स्वभाव म्हणणार नाही. पण वातानुकूलित खोलीतून दोन तासांसाठी खाली येऊन फाइल आपटून जाणाऱ्यांना ही सवलत देता येत नाही.

बाळंतपणाच्या खोलीबद्दल लिहायला संकोच वाटतो, तरी लिहिते, कारण हे पान घरातल्या बायका वाचतात. तिथला ओरडा वेगळाच. "आता का रडतेस?" पासून पुढचे शब्द छापण्यासारखे नसतात, आणि मांडीवर चापट बसलेल्या कितीतरी बायका आपल्या ओळखीत असतील. गरीब, खेड्यातली, तिसऱ्या खेपेची बाई असली की जास्तच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये याविरुद्ध निवेदन काढले. आपल्या केंद्र सरकारने २०१७ च्या अखेरीस "लक्ष्य" नावाचा कार्यक्रम आणला, त्यात बाळंतिणीशी सन्मानाने वागणे आणि तिच्याजवळ तिच्या माणसाला राहू देणे या गोष्टी लिहिल्या आहेत. हा नुसता मायेचा विषय नाही. बाळंतपणानंतर होणारा रक्तस्राव हे आपल्या देशात आयांच्या मृत्यूचे मोठे कारण आहे. कपडा किती वेळा भिजला हे सर्वांत आधी त्या बाईलाच कळते. जिने वेदनेत ओरडल्याबद्दल चापट खाल्ली आहे, ती अर्ध्या तासाने "सिस्टर, मला फार जातंय" असे सांगेल का? ती सोबतच्या आईला सांगेल, आई म्हणेल, थोडा वेळ बघू, आत्ताच ओरडल्यात. त्या थोड्या वेळातच बाई हातची जाते.

आता आपणा नातेवाइकांकडे वळते. खाटेपाशी वीस माणसे, त्यांत एक पुढारी, पुढाऱ्याच्या हातात मोबाईल. सिस्टर इंजेक्शन भरत असताना तिला नाव-गाव विचारून दम देणे हीसुद्धा तीच दहशत आहे आणि तिचा परिणामही तोच. नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात बाळे होती. सगळा मराठवाडा आणि बिदर-औरादकडचे लोकही हादरले. दुसऱ्याच दिवशी हिंगोलीचे त्या वेळचे खासदार हेमंत पाटील तिथे गेले आणि त्यांनी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन शौचालय साफ करून घेतले. कॅमेरे होतेच. खासदारांवर गुन्हाही दाखल झाला. शौचालय घाण होते, यात शंका नाही. पण औषधे, माणसे, खाटा यांच्याबद्दल जे प्रश्न विचारायचे होते ते त्या झाडूखाली गेले. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कर्नाटकात २००९ चा आणि महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, तरी मारहाणीच्या बातम्या थांबलेल्या नाहीत.

यावर उपाय सांगणाऱ्यांत एक माणूस आपल्याकडचा आहे. यवतमाळ जिल्ह्यात उमरखेड तालुक्यात उटी नावाचे गाव आहे, नांदेडच्या सीमेला लागून. तिथल्या शेतकरी घरातले आत्माराम गावंडे डॉक्टर होऊन अमेरिकेत गेले. आईच्या नावाने त्यांनी उमरखेडला कॉलेज काढले. त्यांचा मुलगा डॉ. अतुल गावंडे, शल्यविशारद आणि लेखक. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनसाठी एकोणीस गोष्टींची एक यादी तयार केली, ती त्यांच्या पुढाकाराने. दिल्लीच्या सेंट स्टीफन्ससह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतरचे मृत्यू शेकडा दीडवरून ०.८ वर आले आणि गुंतागुंती अकरावरून सातवर. यादीत पेशंटचे नाव, कुठला अवयव, कुठल्या औषधाची ॲलर्जी असे प्रश्न आहेत. पण सुरी लावण्यापूर्वी एक गोष्ट करायची असते ती फार साधी आहे. खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगायचे. ज्याने एकदा तोंड उघडून नाव सांगितले, तो पुढे "सर, थांबा, रक्त अजून आलेलं नाही" असेही सांगू शकतो, असा त्यामागचा विचार.

माझ्या जावेची मुलगी बिदरला नर्सिंग शिकून आता हैदराबादला एका मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरला आहे. तिला मी विचारले, हे खरेच करतात का? म्हणाली, "काकू, कागदावर टिक तर रोज करतो. नावं सांगायला सुरुवात केली तेव्हा मोठे सर हसले होते. मग मावशींची पाळी आली, त्यांनी नाव सांगितलं. अकरा वर्षं आहेत त्या तिथे, आम्हां कुणालाच माहीत नव्हतं." आणखीही दोन गोष्टी तिला प्रशिक्षणात शिकवल्या. फोनवर सांगितलेले औषध लिहून घेऊन परत वाचून दाखवायचे, डॉक्टर कितीही घाईत असले तरी. शंका आली तर एकदा साध्या शब्दांत बोलायचे आणि ऐकले नाही तर दुसऱ्यांदा जास्त स्पष्ट. मी विचारले, नेमके काय म्हणतेस? तर म्हणाली, "सर, ननग संशय ऐत्री, ओम्मे नोड्री." सर, मला शंका आहे, एकदा बघा. आपली कानडी इथे कामाला येते बघा. त्या "री" मध्ये मानही राहतो आणि म्हणायचे तेही म्हणून होते.

शेवटी तक्रारीबद्दल, कारण याविषयी पुष्कळांना नीट माहिती नसते. सिस्टरच्या अंगावर धावून जाण्यात अर्थ नाही, बहुधा तीच तुमच्या बाजूची असते. काय घडले ते तारीख, वेळ, वॉर्ड आणि खाटेच्या क्रमांकासह लिहून काढा. "डॉक्टर उद्धट आहेत" असे लिहिले तर कागद फाइलला लागतो आणि तिथेच राहतो. "अमुक वाजता औषधाबद्दल विचारले, उत्तर दिले नाही, त्यानंतर असे झाले," असे लिहिले तर उत्तर द्यावे लागते. आधी दवाखान्याच्या वैद्यकीय अधीक्षकांना द्या आणि पोच घ्या. खासगी दवाखाना असेल तर २००७ च्या कर्नाटक खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने रुग्णहक्कांची सनद घातली आहे आणि प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तक्रार निवारण प्राधिकरण ठेवले आहे. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात याची चौकशी करता येते. अर्ज कन्नडमध्ये असला तर लवकर वाचला जातो, हा माझा अनुभव. घरात लिहिणारे कोणी नसेल तर शेजारच्या शाळकरी मुलीकडून लिहून घ्या, आपल्याकडे त्यांची कन्नड उत्तम असते. आणि एखाद्या सिस्टरने वेळेवर शंका विचारून तुमचा पेशंट वाचवला असेल, तर तेही तिच्या नावानिशी त्याच अधीक्षकांना लिहून कळवा. तोही कागद फाइलला लागतो.